शब्दाला चाळीस पैसे

माझ्या पहिल्या कामाचा रेट होता शब्दाला चाळीस पैसे. फेब्रुवारी २०१५ मधली गोष्ट. पुण्याच्या एका एजन्सीनं विहिरीवरच्या मोटरीचं मॅन्युअल पाठवलेलं, ९,२०० शब्द, इंग्रजीतनं मराठीत करायचं. नऊ दिवस लागले आणि पैसे झाले ३,६८०. आता दहा वर्षं झाली, अनुवाद, स्क्रिप्ट, माहितीपत्रकं, लेख, जे येईल ते लिहिते आणि त्याच्यावरच घर चालतं, सोलापूर न सोडता. बऱ्याच मुली विचारतात की ताई हे कसं सुरू करायचं, पैसे खरंच मिळतात का, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढायला बसलेय.

आधी घरचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही तेलुगू, पद्मशाली, म्हणजे विणकर समाज. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड-उर्दू-तेलुगू सगळंच, आणि शाळा मराठी. नान्ना, म्हणजे वडील, पॉवरलूमवर चादरीच्या कारखान्यात, अम्मा विड्या वळायची. २००६ ला कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, त्यात अम्माच्या नावावर घर मिळालं. मी तेव्हा पंधरा वर्षांची. त्याआधी अशोक चौकाच्या मागं एका खोलीत सहाजण होतो, तर स्वतःचं दार असलेलं घर म्हणजे काय हे मला चांगलं आठवतं.

विडीचं काम हजारावर असतं. हजार विड्यांना इतके पैसे. पानं भिजवायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, पंचवीस-पंचवीसचे कट्टे करायचे आणि दुपारनंतर कारखान्यात नेऊन द्यायचे. तिथं तपासणारा बसलेला असतो, तो कट्टा हातात घेऊन दाबून बघतो आणि आवडला नाही की बाजूला टाकतो. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत आणि छाटलेली विडी परत पण मिळत नाही. अम्मा रोज घरी आली की पहिलं वाक्य हेच असायचं, आज छाट किती गेली. मी लहानपणापासून हे ऐकलंय आणि मला वाटतं माझ्या धंद्याचं सगळं शिक्षण तिथंच झालं, कारण शब्दावर पैसे आणि हजारावर पैसे यात फरक काहीच नाही. नगावरचंच काम आहे. मोजायला लागतं, छाटीला कारण विचारायला लागतं, आणि वर्षभराचे दिवस धरूनच हिशोब करायला लागतो.

सोलापूर विद्यापीठात मास कम्युनिकेशन केलं, केगावला. मग एका स्थानिक दैनिकात डेस्कवर लागले, महिना सहा हजार. काम खूप शिकायला मिळालं हे मी मनापासून सांगते. बातमी कापणं, हेडिंग बसवणं, रात्री पान लावणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लिहून झालं नाही असं म्हणायची सोयच नसते, पान जायच्या वेळेला जायलाच पाहिजे. ती सवय आजपर्यंत पुरलीय. पण पगार कधी दहा तारखेला, कधी पंचवीसला, आणि शेवटचे दोन महिने आलाच नाही. मी सोडलं. घरी सांगितलं की घरी बसून लिखाणाचं काम करणार. नान्ना काहीच बोलले नाहीत, अम्मानं एवढंच विचारलं, हजारी किती?

तर ते मोटरीचं मॅन्युअल. पहिले दोन दिवस मी डिक्शनरी घेऊन बसले आणि असलं काही लिहिलं की आज वाचवत नाही. पंपात हवा अडकली की पाणी येत नाही, त्याला मी 'वातबद्धता' असा शब्द केला होता. इंपेलरला, म्हणजे पंपात फिरून पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाला, 'प्रेरक चक्र'. तिसऱ्या दिवशी मलाच शंका यायला लागली की हे मॅन्युअल वाचणार कोण, तर शेतकरी आणि मोटर दुरुस्त करणारा, आणि त्या दोघांना हे कळणार आहे का. म्हणून प्रिंट घेऊन अक्कलकोट रोडवरच्या एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात गेले. तिथला मिस्त्री, पन्नाशीचा माणूस, हात तांब्याच्या तारेत अडकलेले, म्हणला वाचा तुम्ही, मी ऐकायलोय. मी वाचलं. तो थांबला आणि म्हणला, "ओ ताई, वातबद्धता काय असतंय ते? मोटरीनं हवा धरली म्हणतेत की. आणि इंपेलरला इंपेलरच म्हणा, दुकानात मागायला गेल्यावर काय प्रेरक चक्र द्या म्हणणार का माणूस?"

दीड तास बसले तिथं. फुटव्हॉल, पॅकिंग, वायंडिंग, मोटर जळणं, पाणी ओढत नाही, फेज गेला. त्यानं मोटर उघडून एकेक पार्ट हातात दिला, इंपेलरची पाती झिजली की कशी दिसतात ते बोट फिरवून दाखवलं, कडा ब्लेडसारखी पातळ झालेली. घरी येऊन सगळं परत लिहिलं. माझ्याकडनं एजन्सीला गेलेलं पहिलं काम ते, आणि तिथल्या बाईंनी फोन करून सांगितलं की क्लायंटकडनं एकही करेक्शन आलं नाही. त्या दिवसापासनं मी नियम केला की ज्या विषयाचं काम, त्या विषयाच्या माणसाकडं जाऊन एकदा बसायचं. पैशाच्या हिशोबात हा वेळ कुठंच धरला जात नाही. पण माझा रेट वाढला तो याच वेळामुळं, हे आता खात्रीनं सांगते.

टायपिंगचं पण सांगायला पाहिजे, कारण नवीन लोक तिथंच अडकतात. पेपरमध्ये आम्ही जुन्या फॉन्टवर टाइप करायचो, ते बाहेर कुठं पेस्ट केलं की सगळी अक्षरं फुटायची, नुसती कचरा चिन्हं दिसायची. बाहेरच्या कामाला युनिकोडच लागतं, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर न फुटता दिसणारं टायपिंग. मी दोन महिने रोज रात्री एक तास इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकले, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, एकदा बोटांत बसलं की डोकं लावावंच लागत नाही. इंग्रजी अक्षरं टाइप करून मराठी उमटवायची पद्धत सोपी वाटते, पण जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ आला की हात अडखळतो आणि दिवसाला दोन हजार शब्द करायचे असले की तेवढं अडखळणं पण महागात जातं. शिकाच.

२०१५ ते १६ त्याच एजन्सीचं काम करत राहिले. मग पेमेंट थांबलं. तीन बिलं, मिळून ११,६४० रुपये. म्हणजे २९,१०० शब्द. मी रुपयापेक्षा शब्दात जास्त मोजते, कारण शब्दात मोजलं की किती रात्री गेल्या ते कळतं. फोन केला की अकाउंट्सला पाठवलंय, मेल केला की प्रोसेसमध्ये आहे, मग फोन उचलायचं बंद. शेवटी एक दिवस सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेले, बिलांच्या प्रिंट घेऊन. ऑफिसमध्ये ज्या बाई माझ्याशी बोलायच्या त्या नोकरी सोडून गेलेल्या. एका मुलानं पाणी दिलं, बसा म्हणला, दोन तास बसवलं आणि मग सांगितलं की सर आज येणार नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं परत. ते पैसे आजपर्यंत आले नाहीत.

गाडीत मी रडले, ते लपवायचं कारण नाही. दौंडच्या पुढं अंधार झाला आणि मला अम्माची छाट आठवली. अम्मा एकटी काही करू शकत नव्हती, पण बाकीच्या बायका मिळून जेव्हा तपासणाऱ्यासमोर उभ्या राहायच्या तेव्हा छाट कमी व्हायची, हे मी डोळ्यानं बघितलेलं. मी तर एकटीच होते. कुठल्या मुली, कुठली माणसं त्याच एजन्सीचं काम करतात हे मला माहीत पण नव्हतं. तेव्हापासनं मी अनुवाद करणाऱ्यांची ओळख काढायला लागले, आज आमचा वीस-बावीस जणांचा ग्रुप आहे, लातूर, नांदेड, कोल्हापूर, सोलापूर. कोण पैसे वेळेवर देतं, कोण बुडवतं, कुणाचा रेट काय, सगळं उघड सांगतो एकमेकांना. रेट लपवून कुणाचंच भलं होत नाही. हा ग्रुप झाल्यावर माझे पैसे बुडाले ते एकदाच, आणि ते पण मी ग्रुपला न विचारता काम घेतलं म्हणून.

नंतर कायद्याचं कळलं. उद्यम नोंदणी म्हणून असते, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट आहे, कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. सेवा देणारा एकटा माणूस पण सूक्ष्म उद्योग म्हणून त्यात बसतो. मी २०२१ ला केली. २००६ चा जो एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे त्याप्रमाणं अशा नोंदणी असलेल्याचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. आणि २०२४ च्या एप्रिलपासून आयकरात पण बदल झाला, वेळेत पैसे न दिलेल्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, त्यामुळं मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले आपणहून फोन करायला लागलेत. मी प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापते आणि खाली एक ओळ, पेमेंटची मुदत ४५ दिवस. भांडण नको, तक्रार नको, नुसत्या त्या ओळीनं फरक पडतो हे मी स्वतः अनुभवलंय. माझे जुने ११,६४० त्यात बसत नाहीत, कारण तेव्हा नोंदणी नव्हती. म्हणून नवीन मुलींना मी पहिल्या आठवड्यातच नोंदणी करायला लावते.

टीडीएसचं पण असंच. २०१७ ला एका कंपनीकडं वर्षभरात ८४,००० चं काम झालं आणि खात्यात आले ७५,६००. मी फोन करून भांडले की ८,४०० कुठं गेले. समोरचा म्हणला मॅडम टीडीएस कापलाय, मला वाटलं फसवतोय. मग नवी पेठेतल्या एका सीए सरांकडं गेले, त्यांनी कॉम्प्युटरवर फॉर्म २६एएस उघडून दाखवला, त्यात माझ्या पॅनवर ते ८,४०० जमा दिसत होते. व्यावसायिक फीवर दहा टक्के कापतात, ते सरकारकडं आपल्या नावानं जमा असतात आणि रिटर्न भरलं आणि तेवढा कर बसत नसेल तर परत मिळतात. माझं उत्पन्न तेव्हा अडीच लाखाच्या आत होतं. रिटर्न भरलं, चार महिन्यांनी सगळे पैसे व्याजासकट आले. आधीच्या दोन वर्षांचे थोडे थोडे कापलेले होते, त्याची मुदत निघून गेली होती, ते गेले. आणि रिटर्नचा दुसरा उपयोग म्हणजे आपल्याकडं पगाराची स्लिप नसते, बँकेत कर्जाला गेलं की पहिलं तेच मागतात. सलग तीन वर्षांची रिटर्न दाखवून मी स्वतःच्या नावावर स्कूटीचं आणि लॅपटॉपचं कर्ज काढलं. नान्नांना कारखान्यात तीस वर्षं झाली तरी कुठल्या बँकेनं उभं केलं नव्हतं.

आता रेट कसा वाढला ते. चाळीस पैशावरनं साठ झाला तो मागितला म्हणून. बाकी काही केलं नाही, फक्त मागितला, आणि मागायला मला आठ महिने लागले. साठवरनं एक रुपया वीस झाला तो मात्र विषय धरल्यामुळं.

सोलापूर जिल्हा म्हणजे डाळिंब. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, कुठंही जा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र पण आपल्याच केगावला आहे, २००५ पासून, विद्यापीठात असताना मी रोज त्या रस्त्यानं जायचे आणि कधी आत डोकावलं नव्हतं. २०१८ ला एका शेतीच्या ॲपचं काम आलं, त्यांच्याकडं सगळा मजकूर दिल्लीहून अनुवाद होऊन यायचा. त्यात लिहिलेलं 'जिवाणूजन्य करपा'. आता पुस्तकात बरोबर आहे ते. पण सांगोल्याच्या शेतकऱ्याला विचारा, तो म्हणणार तेल्या. पानावर आणि फळावर तेलकट डाग पडतात म्हणून तेल्या, पुढं फळ तडकतं, बागाच्या बागा काढून टाकल्या लोकांनी तेल्यामुळं. शेतकरी ॲपमध्ये तेल्या शोधणार आणि त्याला काहीच सापडणार नाही. मी त्यांना असल्या पंचेचाळीस शब्दांची यादी करून पाठवली, पैसे न मागता. चार दिवसांनी त्यांचा फोन आला की सगळं मराठी तुम्हीच बघा.

त्या कामासाठी मी सांगोल्याकडं किती वेळा गेले मोजलं नाही. एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं, बागेत जाऊन बसायचं. बहार धरणं म्हणजे काय हे मला तिथं कळलं. पाणी तोडायचं, बाग ताणावर सोडायची, मग पानगळ, छाटणी, खतं, आणि मग पहिलं पाणी. त्यानंतर सगळ्या बागेला एकदम फूल येतं. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार, ज्याचं त्याचं पाण्याचं गणित. एक आजी होत्या, त्या ताणावरच्या झाडाचं पान हातात घेऊन दुमडून बघायच्या आणि म्हणायच्या अजून आठ दिवस. त्या पानाचा रंग फिका झालेला, शिरांच्या मधे पिवळा, कड हलकी आत वळलेली. मी स्क्रिप्टमध्ये तसंच्या तसं लिहिलं की पान पिवळं पडून कडेनं आत वळायला लागलं की समजा. त्या व्हिडिओखाली शेतकऱ्यांनी लिहिलेलं की कुणीतरी बागेत गेलेला माणूस बोलतोय. ते वाचून मला जेवढा आनंद झाला तेवढा पैसे आल्यावर पण झाला नव्हता.

२०२० चं लॉकडाऊन सगळ्यांसारखंच. एप्रिल-मे शून्य, एक रुपया नाही, अम्माचं काम पण बंद, कारण कारखाने बंद. जूनपासनं उलट इतकं काम आलं की झोप नाही, कारण सगळ्यांना व्हिडिओ आणि ऑनलाइन कोर्स मराठीत पाहिजे होते. तेव्हापासनं मी चार महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवते आणि त्याला हात लावत नाही. आधी दोन महिन्यांचा ठेवला होता, तो पुरला नाही.

घरनं काम करणाऱ्या बाईची एक अडचण कुणी सांगत नाही. घरी आहेस म्हणजे मोकळी आहेस. गॅसवाला, पाहुणे, शेजारणीची पोरं, सगळं माझ्याकडं. आणि सोलापूरचं पाणी. चार-पाच दिवसांतनं एकदा येतं, कधी पहाटे कधी रात्री, आणि आलं की सगळं टाकून भरायलाच लागतं. मी डेडलाइन देताना आधी पाण्याचा दिवस बघते. पुण्या-मुंबईच्या क्लायंटला हे कसं सांगणार, म्हणून नुसतं एक दिवस वाढवून मागते. लग्न झाल्यावर सासरी, शहरातल्याच जुळे सोलापूर भागात आले तेव्हा पहिल्याच महिन्यात सासूबाईंना सगळं दाखवलं, बिलांची वही, बँकेचं पासबुक, कोणत्या वेळेला मला हाक मारायची नाही ते. त्यांनी वही नीट वाचली आणि दुसऱ्या दिवसापासनं माझ्या खोलीचं दार त्याच लावून घ्यायला लागल्या. दाखवलं नसतं तर त्यांना कळायचा काही मार्गच नव्हता.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि २०२३ संपेपर्यंत माझ्या पाच क्लायंटमधले दोन गेले. एकानं स्पष्ट सांगितलं की आता मशीन करतं, तुम्ही फक्त तपासून द्या, शब्दाला तीस पैसे. म्हणजे आठ वर्षांनी चाळीस पैशाच्या पण खाली. मी एक फाईल घेऊन बघितली, डाळिंबाचीच होती. त्यात वाक्य होतं, 'झाडांना तणाव द्या'. मी तिथंच थांबले. बाग ताणावर सोडणं हे ज्यानं कधी ऐकलंच नाही त्याच्याकडनं असंच येणार. व्याकरण बरोबर, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, आणि अर्थ कुठंच नाही. ती फाईल तपासायला मला नवीन लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण प्रत्येक वाक्य वरनं चांगलं दिसतं आणि आत बघावं लागतं. मी त्यांना असली दहा वाक्यं आणि शेजारी शेतकरी काय म्हणतो ते लिहून पाठवलं आणि सांगितलं की तीस पैशात होणार नाही, तासावर पैसे देत असाल तर करते. ते नाही म्हणले. बरं.

मशीनला शिव्या देऊन माझं घर चालणार नाही आणि ते जे करतं ते वेगानं करतं हे पण खरं आहे. सरकारी नमुन्याचं, ॲपमधल्या बटणांचं, अटी-शर्तींचं काम माझ्याकडनं गेलं आणि ते परत येणार नाही. पण जे काम जागेवर जाऊन, माणसाशी बोलून, ऐकून लिहायला लागतं ते वाढलं. आता माझ्या कमाईतला निम्म्याच्या वर भाग मुलाखतीवरनं लिहायच्या कामाचा आहे. यंत्रमाग कारखानदाराचं कंपनीचं पुस्तक, एका बचत गटाची वीस वर्षांची गोष्ट, शेंगा चटणी आणि कडक भाकरी पॅक करून विकणाऱ्या बायकांच्या पाकिटावरचा मजकूर. ह्याचे पैसे शब्दावर घेत नाही, पूर्ण कामावर घेते, निम्मे आधी. आधी पैसे आल्याशिवाय रेकॉर्डर चालू करत नाही. सुरुवातीला हे बोलताना घसा कोरडा पडायचा.

स्वतःच्या नावाचं लिखाण वेगळं. इथं बहुतेक काम बिननावाचं असतं, त्याचं मला वाईट वाटत नाही, पण वर्षातनं एखादा लेख माझ्या नावानं यावा असं वाटतं. मराठीत त्याला दिवाळी अंक आहेत, १९०९ ला काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा काढला तिथपासनंची परंपरा. मी चार वर्षं लिहितेय. मानधन कधी पाचशे, कधी हजार, कधी नुसता अंक. तो हिशोब मी कामाच्या वहीत धरतच नाही. पण एकदा एका मासिकाकडनं कागद आला सही करायला, त्यात लेखाचे सगळे हक्क कायमचे त्यांचे. लेख अम्मावर होता, तिच्या विड्यांवर. आमच्या ग्रुपमधल्या एका वकील बाईंनी समजावलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं नोकरीत नसलेल्या लेखकाचं लिखाण मुळात त्याचंच असतं, हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर पाचच वर्षं धरतात. मी 'कायमचे' शब्दावर रेघ मारली, शेजारी 'एकदा छापण्यापुरते' लिहिलं, सही केली आणि पाठवलं. दोन दिवस पोटात गोळा होता. त्यांनी तसंच छापलं, एका अक्षरानं विचारलं नाही.

अंक आला तेव्हा कुंभारीला गेले. अम्माला मराठी वाचायला येत नाही, मी तेलुगूत सांगत सांगत वाचून दाखवलं. छाटीचा भाग आला तेव्हा तिनं हात वर करून थांबवलं आणि म्हणाली की तपासणारा कट्टा दाबून बघतो असं लिहिलंस, तो आधी दोरा बघतो, मग दाबतो. मी पेनानं अंकातच दुरुस्त केलं. पुस्तक झालं कधी तर तिथं दोरा आधी येईल.

मागच्या महिन्यात वसाहतीतली एक मुलगी आली, बी.ए. झालेली, तिची आई अजून विड्या वळते. तिला मी कामाचा एक तुकडा दिला, फवारणीच्या पंपाचं माहितीपत्रक, शब्दाला ऐंशी पैसे सांगितले, आणि मोटर रिवाइंडिंगच्या त्या दुकानाचा पत्ता दिला. मिस्त्री आता थकलेत, मुलगा बसतो, पण फवारणी पंप पण दुरुस्त करतात. चौथ्या दिवशी रात्री तिची फाईल आली. शेवटच्या ओळीखाली तिनं लिहिलेलं, १,१४० शब्द. मी मोजले, तेवढेच होते. ९१२ रुपये. तेव्हाच फोनवरनं पाठवले आणि मग फाईल वाचायला घेतली.